रात्रीचं डांबरीकरण आणि वस्तीची झोप

रविवारी विहारात आम्ही ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन बसतो, हे दिंडोशीतल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. एका एप्रिलमध्ये लागोपाठ दोन रविवार एक गोष्ट लक्षात आली. हायवेच्या कडेच्या गल्लीतून येणाऱ्या बायकांचं प्रेशर चढलेलं दिसत होतं. आधी आम्ही नेहमीचेच प्रश्न विचारले. गोळी चुकली का, लोणचं-पापड जास्त झालं का, घरात काही ताण आहे का. सफाईच्या कामाला पहाटे निघणाऱ्या एक मावशी वैतागून म्हणाल्या, "गोळी एक दिवस चुकवली नाही ताई. झोपच नाही. रात्रभर रस्ता खरवडतात, आणि पाच वाजता मला झाडू घ्यायचा असतो."

मशीनवर १५६ आणि ९८ आलं होतं. एका रीडिंगवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही हॉस्पिटलच्या रात्रपाळीत शिकलोय. पण त्या गल्लीतल्या चार-पाच जणींनी तेच सांगितलं, तेव्हा आम्ही रात्री साडेबाराला जाऊन उभे राहिलो. बोलायला गेलो तर एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. तेव्हापासून हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यायचा राहून गेला होता. आता पुन्हा पावसाळ्याआधीच्या कामांचे दिवस आले की हे होणारच आहे, म्हणून लिहितो.

आधी रस्ता बनवणाऱ्यांची बाजू ऐकू, कारण ती खोटी नाही. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे दिवसा बंद ठेवता येत नाही. एक लेन अडवली तरी बस, रिक्षा, रुग्णवाहिका सगळं तुंबतं, आणि त्या बसमध्ये आपलीच माणसं असतात. दुसरं कारण डांबराचं. खडी आणि डांबराचं मिश्रण साधारण १५० अंश सेल्सिअसला गरम करून डंपरमधून आणतात. ते थंड व्हायच्या आत पसरून रोलरने दाबलं तरच थर नीट बसतो. दिवसा डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला की माल थंडावतो आणि पहिल्या पावसात खड्डा पडतो. खड्ड्याने दुचाकीवरचा माणूस मरतो, हेही आपण पाहिलंय. त्यामुळे "रात्रीचं काम बंदच करा" असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. रात्री काम करायची परवानगी कुणी दिली, कशासाठी दिली, आणि ती देताना शेजारी झोपलेल्या माणसांचा विचार कुठल्या कागदावर झाला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आपण ते विचारत नाही, म्हणून तो विचार होत नाही.

डांबरीकरण म्हणजे एकच आवाज नसतो. सगळ्यात आधी जुना थर खरवडणारं यंत्र येतं, ते सगळ्यात कर्कश. कडेला काँक्रीट फोडायचं असेल तर ब्रेकर. मग डंपर मागे येताना पीं-पीं करतो, फाळका आपटतो, पेव्हर घरघरतो, रोलर जमीन हलवतो. आणि दिव्यांसाठी लावलेला जनरेटर रात्रभर चालू. यातला ब्रेकर १५ मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज करतो. आपल्या गल्ल्या काही १५ मीटरवरच नाहीत, पण हिशेब करून बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १५ मीटरवर ८८ असेल तर ३० मीटरवर ८२ आणि ६० मीटरवर ७६. समोर उंच इमारत किंवा पुलाची भिंत असेल तर आवाज आपटून परत येतो आणि एवढाही उतरत नाही.

आता कायद्याचा आकडा पाहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. म्हणजे ७६ आणि ४५ मध्ये ३१ चा फरक. "फक्त ३१?" असं वाटेल. पण डेसिबल किलो-लिटरसारखे मोजत नाहीत. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ३० वाढले की ऊर्जा हजारपट, आणि कानाला आठपट. मर्यादेच्या आठपट मोठा आवाज, पत्र्याच्या एका भिंतीपलीकडे.

पत्र्याबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. आवाज अडतो तो वजनाने. जाड विटेची भिंत, काचेची बंद खिडकी, मध्ये बाल्कनी असलेला फ्लॅट आवाज बराच खातो. पत्रा हलका असतो, तो आवाज अडवण्याऐवजी स्वतःच थरथरतो. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याच्या डोक्यापासून छप्पर हाताच्या अंतरावर असतं. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने दार-खिडकी उघडी ठेवावीच लागते. रोलर चालला की भांड्यांची फळी वाजते ती वेगळी. म्हणून एकाच कामाचा आवाज सोसायटीच्या सातव्या मजल्यावर आणि आपल्या घरात सारखा नसतो, पण तक्रार पोचते ती बहुतेक सातव्या मजल्याची.

यावर एका ऑफिसमध्ये आम्हाला उत्तर मिळालं होतं, "हायवेला राहता, आवाज रोजचाच असतो, सवय असेल." साहेबांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर चुकीचं होतं. सवय होते, पण अर्धीच. रोज येणाऱ्या आवाजाने माणूस हळूहळू दचकून उठायचा थांबतो. शरीर मात्र ऐकत राहतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेत आवाज आला की मेंदू तो धोका आहे का ते तपासतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं सुटतात. तुम्ही उठला नाहीत तरी हे होतं, आणि सकाळी तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही. निरोगी माणसाचं प्रेशर रात्री साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतं. तीच हृदयाची विश्रांती. रात्रभर धक्के बसत राहिले की ते नीट खाली येत नाही. गोळी चालू असलेल्या माणसाचंही येत नाही.

शिवाय हायवेची एकसारखी घरघर आणि ब्रेकरचा अचानक तडाखा यात फरक आहे. झोप मोडते ती बहुतेक अचानक चढणाऱ्या, थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या आवाजाने. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यात घराबाहेरची रात्रीची पातळी ४० डेसिबलवर ठेवावी आणि जिथे ते लगेच जमत नाही तिथे निदान ५५ च्या आत आणावी असं सांगितलं. ५५ च्या वर वर्षानुवर्षं राहिलं तर हृदयविकाराचा धोका वाढतो, असं त्यांचं म्हणणं. हे आकडे वर्षभराच्या सरासरीचे आहेत, चार रात्रींच्या कामाचे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. चार रात्रींनी कुणाला हार्ट अटॅक येईल असं घाबरवायचं नाही. पण हायवेलगत राहणाऱ्याचं शरीर आधीच भरलेल्या हंड्यासारखं असतं.

कुणाला जास्त जपायचं, ते आम्ही अनुभवाने सांगतो. फिट येणारा रुग्ण घरात असेल तर झोपमोड ही साधी गोष्ट समजू नका, अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते. मानसिक आजाराची औषधं चालू असणाऱ्यांचंही तसंच, दोन-तीन रात्री झोप गेली की आजार उसळू शकतो. हे रुग्ण त्या आठवड्यापुरते आतल्या गल्लीतल्या नातेवाइकांकडे झोपवता आले तर झोपवा. शुगरवाल्यांची साखर अपुऱ्या झोपेने वर जाते. ओल्या बाळंतिणीला तसंही तुकड्या-तुकड्यातच झोपायला मिळतं, तेही गेलं तर तिच्या मनावर परिणाम होतो, तेव्हा दिवसा घरातल्या दुसऱ्या कुणी बाळ घेऊन तिला दोन तास झोपू द्यावं. मुलांचं तर परीक्षेच्या दिवसांत कळतंच. रात्री वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत.

घरात काय करता येईल ते थोडंच आहे. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते बोटांनी वळून बारीक करायचे, कान जरा वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर बराच आवाज कमी होतो. लहान मुलांच्या कानात काही घालू नका. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री प्लग लावून झोपू नये, निदान एका मोठ्या माणसाचे कान उघडे असावेत. आप्पापाड्याची १३ मार्च २०२३ ची आग आपण विसरलेलो नाही, वस्तीत कुणी हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. झोपेची गोळी शेजारणीकडून मागून घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला ती घेतल्यावर रात्री मोरीकडे जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं, अशा केसेस आम्ही वॉर्डात पाहिल्या आहेत. दारूने झोप येते हा गैरसमज आहे. डोळा लागतो, पण झोप उथळ होते आणि आवाजाने लवकर मोडते.

खरं काम घराबाहेर आहे. त्यासाठी परवानगी म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. हायवेवर रात्री लेन बंद करायची तर वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र वाहतुकीबद्दल असतं. किती वाजता कुठली लेन बंद, वाहनं कुठून वळवायची, एवढंच. सुपरवायझर मोबाईलवर तेच पत्र दाखवतो आणि आपण गप्प बसतो. पण त्याने आवाजाची परवानगी मिळत नाही. ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि ५-अ हा नियम आला. त्यात स्पष्ट म्हटलंय की आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रात्री राहत्या भागात आणि शांतता क्षेत्रात वापरायची नाहीत. त्याच नियमात हॉर्नबद्दल बोलताना आणीबाणीचा अपवाद ठेवला आहे. यंत्रांच्या ओळीत तसा अपवाद लिहिलेला नाही. रात्री रस्ता करायला नियमात जागा असेल तर ती कुठे आहे हे काम करून घेणाऱ्याने लेखी दाखवावं. कुणी म्हणेल की हायवेची कड हा राहता भाग नाही, व्यापारी भाग आहे. तरी तिथे रात्रीची मर्यादा ५५ आहे, ७६ नाही.

हा वाद मुंबईत कोर्टात जाऊन आलेला आहे. मेट्रो-३ चं भुयारी काम कुलाबा-कफ परेडकडे रात्रंदिवस चालू होतं. तिथल्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ काम करायला मनाई केली. हजारो कोटींचा प्रकल्प, तरी रात्रीचं काम थांबलं. पुढच्या वर्षी ती मनाई उठली. पण मधल्या काळात आवाज मोजा, कमी करा, रहिवाशांचं काय ते सांगा, या गोष्टी कोर्टात बोलाव्या लागल्या. आपल्याकडे मेट्रो-७ चे खांब हायवेच्या मधोमध उभे राहिले, २०२२ मध्ये दिंडोशी स्टेशन सुरू झालं. ती वर्षं आपण कशी काढली ते आपल्यालाच ठाऊक. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या पुलाचं काम दिंडोशी कोर्टाजवळून गेलं आहे. कोर्ट आपल्या दारात आहे, पण आवाजाविरुद्ध कोर्टात जायची सवय कफ परेडला आहे.

त्याआधी, जुलै २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आवाजाबद्दल मोठा निकाल दिला. शांतपणे जगणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि कुणालाही नको असलेला आवाज ऐकायची सक्ती करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. कलम २१ माणसाच्या घराचं क्षेत्रफळ विचारत नाही.

न्यूयॉर्कमध्ये रात्री काम करायचं तर त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि आवाज कसा कमी करणार याचा लेखी आराखडा कामाच्या जागी ठेवावा लागतो. मागायचं ते यासारखंच. कुठल्या रात्री काम, कुठून कुठवर, याची नोटीस चार-पाच दिवस आधी गल्लीत आणि विहाराच्या फलकावर मराठी-हिंदीत लागावी. खरवडणं आणि फोडणं हे सगळ्यात मोठ्या आवाजाचं काम रात्रीच्या सुरुवातीला उरकावं. गाढ झोप मुख्यतः झोपेच्या पहिल्या काही तासांत असते आणि पहाटे कामाला जाणारी माणसं लवकर झोपतात, तेव्हा दोन वाजता ब्रेकर चालवणं सगळ्यात वाईट. डांबर पसरणं आणि दाबणं नंतर चालेल. जनरेटर घरांपासून लांब, पुलाच्या खांबाआड ठेवता येतो, त्याला काही खर्च नाही. डंपर आपटून रिकामा करू नये. एकाच गल्लीसमोर सलग दोन रात्रींपेक्षा जास्त काम नको, मध्ये एक रात्र मोकळी. परीक्षेच्या आठवड्यात नको. आणि रात्री फोन उचलणारा एक माणूस, नावासह, नोटिशीवर. यातली एकही गोष्ट रस्ता अडवत नाही.

त्या एप्रिलमध्ये आम्ही ऑफिसात दोन खेपा घातल्या आणि हात हलवत परत आलो. शेवटी एका रात्री सात-आठ जणी सरळ कामाच्या जागी गेलो, चहाचा थर्मास घेऊन. मुकादम नांदेडकडचा निघाला. जनरेटर त्याने त्याच रात्री हलवला. डंपरवाल्यांना ओरडून सांगितलं. खरवडण्याची वेळ त्याच्या हातात नव्हती. चहा घेताना लक्षात आलं की ब्रेकर धरणाऱ्या पोराच्या कानावर काही नव्हतं, एक मफलर सोडून. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चारच तास. यंत्राच्या मुठीजवळ त्याहून जास्तच असतं. त्याला आम्ही नाव विचारलं तर त्याने दोनदा "काय?" केलं. वय असेल बावीस-तेवीस. तक्रार करताना ती या पोरांविरुद्ध होणार नाही आणि अर्जात त्यांच्या कानांच्या संरक्षणाचीही एक ओळ असेल, हे तेव्हा ठरलं.

एक गोष्ट आपल्याच घरातली. अर्ज द्यायला गेलो की समोरचा माणूस हसून विचारतो, "जयंतीच्या डीजेचं काय?" नियमांप्रमाणे राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस लाउडस्पीकरला रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. सवलत वेळेची असते, हवा तेवढा आवाज करायची नसते. गाडीवर रचलेल्या स्पीकरांसमोर चालणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांना तो आवाज ब्रेकरइतकाच लागतो, आणि दोन्ही रात्री त्रास होतो तो त्याच मावशीला. मंडळातल्या तरुणांशी आम्ही यावर बोललो आहोत, काहींना राग आला. आम्हाला तरी ४५ डेसिबलचा अर्ज लिहिताना ही बाजू झाकता येत नाही.

आता अर्जाचं. काम सुरू झालं की पहिल्या रात्रीपासून वहीत लिहा: तारीख, सुरू व्हायची आणि थांबायची वेळ, कुठलं यंत्र. हे महत्त्वाचं आहे, कारण मर्यादेचा आकडा सरासरीचा असतो. रात्रभराची सरासरी काढली की वीस मिनिटांचा ब्रेकर त्यात विरघळतो. वेळ लिहिलेली असली की तो पुन्हा वर येतो. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप असतं, त्याचा आकडा कोर्टात टिकणार नाही, पण अधिकाऱ्याने स्वतःच्या यंत्राने येऊन मोजावं एवढं म्हणायला पुरतो. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल किंवा रात्रीची मनाई मोडली असेल तर नियम ७ प्रमाणे तक्रार करता येते, आणि मुंबईत ती पोलिसांकडे करायची. रात्री ११२ ला फोन करून तक्रार नोंदवा. हायवे २०२२ पासून महापालिकेकडे आहे, म्हणून १९१६ वरही सांगा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत टाका. एका घराने केलेला फोन आणि वीस घरांनी केलेले फोन यात फरक पडतो.

परवानगीचा कागद माहितीच्या अधिकारात मागता येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात तीन गोष्टी मागा: रात्रीच्या कामाच्या परवानगीची प्रत, ती देताना आवाजाबद्दल घातलेल्या अटी, आणि कामाच्या काळात आवाज मोजला असेल तर त्याच्या नोंदी. आवाज मोजलाच नाही असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, पुढच्या अर्जाला ते जोडायचं असतं. अर्जाचा नमुना आम्ही रविवारी विहारात मशीनशेजारी ठेवणार आहोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फक्त वही घेऊन या.